शुभ कामाचा दगड

शकुबाई ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होती, तेव्हा मधुकररावांची जीप दाराशी थांबली. मधुकरराव म्हणजे जाम गावच्या चौकातले बडे दुकानदार, आणि गावात जी समिती निघेल तिचे अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात दारू घेऊन घुसणारा ट्रक अडवताना शकुबाईचा नवरा हवालदार चंद्रभान आणि त्याच्यासोबतचा तरुण शिपाई डोमाजी, दोघेही चाकाखाली गेले होते. आता महामार्गाच्या त्या तुकड्याला ‘शहीद पोलीस मार्ग’ असे नाव द्यायचे ठरले होते. दोघांची नावे कोरलेला दगड पोलीस स्मृतिदिनी उघडायचा होता.

“पडदा तुमीच सारायचा वैनी. तुमी अन् डोमाजीच्या मीराबाईनं,” असे सांगून मधुकरराव गेले.

त्या दिवशी शकुबाईला दोन घास गोड लागले. नवरा गेल्यापासून तिला कोणी कशाला बोलावले नव्हते. लग्न-बारसे तर सोडाच, शेजारी पापड लाटायला बसले तरी तिला टाळत. सकाळी ती विहिरीवर दिसली की शेताला निघालेली माणसे थुंकून वाट बदलत आणि संध्याकाळी चौकात बसून तिच्याच नवऱ्याच्या हिमतीचे गोडवे गात. या माणसांना स्वतःची किळस कशी येत नव्हती, देव जाणे. पण शकुबाईने तेही मनावर घेणे सोडले होते. चंद्रभानचे नाव आपल्या हाताने उघडायला मिळणार, एवढ्यावरच ती खूश होती.

स्मृतिदिनी सडकेच्या कडेला मांडव पडला. नागपूरहून मोठे पाहुणे आले. शकुबाई आणि डोमाजीची विशीतली बायको मीराबाई पुढच्या खुर्च्यांवर बसल्या न बसल्या, तोच मधुकरराव लगबगीने आले आणि दोघींना कनातीमागे घेऊन गेले. तिथे चहाचे पातेले उकळत होते. दगडाची पूजा आहे, पूजा सवाष्णीच करतील, पडदाही त्याच सारतील, पाहुण्यांना ओवाळायचेही आहे, लुगडे द्यायच्या वेळी तुम्हाला हाक मारू, असे ते हात चोळत सांगत राहिले.

“वाईट वाटून घेऊ नका वैनी. शुभ काम हाय ना.”

मीराबाई खाली मान घालून बसली. शकुबाई कनातीच्या फटीतून बघत होती. मधुकररावांची बायको शोभाबाई जरीचे लुगडे नेसून पुढे आली, तिने पडदा सारला आणि कोरलेल्या अक्षरांवर हळदीकुंकू वाहिले. चंद्रभानचे नाव कुंकवाने लालेलाल झाले. टाळ्या पडल्या. ज्या बाईने चंद्रभानला कधी धड पाहिलेही नव्हते तिचा हात त्याच्या नावाला चालत होता, आणि त्याच्या बायकोची सावलीसुद्धा नको होती.

“आता आपल्या वीरपत्नींचा सत्कार,” अशी भोंग्यावरून हाक आली.

शकुबाई कनातीमागून बाहेर आली. पाहुण्यांनी पांढरे लुगडे पुढे केले. ती त्यांच्यासमोरून सरळ दगडापाशी गेली आणि पदराने एकेका अक्षरावरचे कुंकू पुसू लागली.

“यायच्या नावाचं कुंकू मी लावत होती. हे मेले, म्हणून माहं कपाय पुसलं. आता यायच्याच नावाले तुमी कुंकू लावून राह्यले. मरून हे शुभ झाले, अन् जितेपणी मी अशुभ काऊन झाली? सांगा मले कोणी.”

बाईचे डोके फिरले, असे मागून कोणीतरी पुटपुटले. मधुकररावांनी दातओठ खात बायकोला खुणावले, की पुन्हा कुंकू लाव आणि पाहुण्यांना ओवाळ. शोभाबाईने हातातल्या ताटाकडे पाहिले. शकुबाईच्या पदराला लागलेले ते कुंकू शोभाबाईनेच वाहिलेले होते. तिने ताट दगडाच्या पायथ्याशी ठेवले.

“माह्या हातून नाई होत. हे यायच्याच हातून व्हायले पायजे.”

पाहुणे न ओवाळताच गाडीत बसले. त्यांच्यामागे फोटोवाला गेला, मग खुर्च्या रिकाम्या झाल्या. शोभाबाई मात्र मीराबाईजवळ जाऊन बसली. मांडवात आता फक्त चौघेच उरले, असे बघून मधुकररावांनी ते ताट उचलले आणि आवाज खाली आणून शकुबाईपुढे धरले.

“घ्या वैनी, लावा आता. कोणी पाहून नाई राह्यलं.”

शकुबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. इतकी शिसारी तिला थुंकणाऱ्या माणसांचीही कधी आली नव्हती.

“सारे पाहून राह्यले असतीन तवाच लावन, भाऊ,” ती म्हणाली आणि मीराबाईचा हात धरून घराकडे निघाली.

त्या दगडाला अजून पुन्हा कुंकू लागलेले नाही. शकुबाई ज्यांच्या पाहण्याची वाट बघते आहे ते आपणच आहोत, आणि आपण अजून मान फिरवून उभे आहोत.