ओळीत उभे आठ सिलिंडर

निपाणीतल्या दहा खाटांच्या एका खासगी दवाखान्यात स्वराली स्टोअर सांभाळायची. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि वर्गात शिकलेलं लगेच दवाखान्यात लावून बघायची तिला भारी हौस. रोजचा खप किती, माल मागवल्यावर यायला दिवस किती, वर अडीनडीला राखीव किती, असं सगळं मांडून तिनं ऑक्सिजनच्या सिलिंडरांची पातळी पाच ठरवली होती. भरलेले पाच उरले की मच्छे गावच्या, सिलिंडर भरून देणाऱ्या प्लांटला फोन करायचा. डॉक्टर विनोदिनी तिचं चारचौघांत कौतुक करायच्या, आणि ते पोरीला जरा चढलंही होतं.

खंडेनवमीच्या सकाळी कॉम्प्युटरवर दोनच भरलेले दिसत होते. आदल्या रात्री एका पेशंटला चार लागले होते. प्लांट दुपारनंतर बंद होणार होता आणि पुढची गाडी दसरा उलटल्यावरच मिळणार होती, म्हणजे फोन तेव्हाच करायला हवा होता. पण आधी एकदा डोळ्यांनी मोजून यावं म्हणून ती मागच्या खोलीत गेली.

तिथं हरिभाऊची पूजा आटोपली होती. सिलिंडर बदलण्याचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडं. एरवी तो रिकामे सिलिंडर डाव्या भिंतीला आडवे टाकायचा आणि त्यांच्यावर खडूनं फुली मारायचा. पण देवापुढं रिकामं आडवं पडलेलं काही ठेवायचं नाही, म्हणून आज त्यानं सगळेच धुऊन पुसून, भरलेल्यांची फाटकी प्लास्टिकची सीलं काढून एका ओळीत उभे केले होते. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

आडवा एकही नाही, फुली कुठंच नाही. म्हणजे सगळे भरलेलेच. स्वरालीनं मोजले, आठ. एकाच्या झडपेकडं तिचा हात गेला, तसा हरिभाऊ म्हणाला, "हात लावू नगंस गं. पूजा झालीया. आज त्यास्नी इसावा."

नोंद आणि मोजणी जुळत नसेल तर मोजणी खरी, असं ती शिकली होती. तिनं सहा सिलिंडर 'जादा सापडले' अशी नोंद केली आणि फोन केला नाही. सहा सिलिंडर आभाळातून पडत नाहीत, एवढं तरी तिच्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

दिवस मावळताना शेजारच्या खेड्यातनं मष्णू आपल्या आईला, बाळाबाईला घेऊन आला. म्हातारीचा दम छातीत मावत नव्हता. मास्क लावला तशी ती जरा सावरली. पण खाटेजवळ जोडलेला सिलिंडर आधीच अर्धा होता, आणि तो बघता बघता उतरला.

हरिभाऊनं मागच्या खोलीतून दुसरा आणला. हात जोडले, हार काढला, मीटर बसवून झडप उघडली. काटा हललाच नाही. तिसरा आणला, तोही तसाच. हरिभाऊ तोंडातल्या तोंडात म्हणाला, "ह्यो बी रिकामाच की."

स्वरालीला एका क्षणात सगळं कळलं, आणि कळल्यामुळं भीती दुप्पट झाली. तिनं मोजली होती ती नुसती लोखंडाची भांडी. आत हवा होती की नव्हती, हे ओळीत उभं केल्यावर कुणालाच दिसत नव्हतं.

ती मागं धावली. किल्ली घेऊन एकेक झडप जराशी उघडायची आणि कान द्यायचा. काहीच नाही. पुढचा, काहीच नाही. आतून बाळाबाईची घरघर ऐकू येत होती आणि ती थांबेल, या भीतीनं स्वरालीला स्वतःचा श्वास सोडवेना. त्यापुढच्याची झडप उघडल्यावर सूं करून वारा सुटला, तेव्हा ती मोठ्यानं रडली. हरिभाऊनं तो तसाच उचलून नेला.

उरलेल्यांत आणखी एक भरलेला निघाला. म्हणजे दोनच. सकाळी कॉम्प्युटर खरंच सांगत होता.

डॉक्टर म्हणाल्या, "हिला आत्ता हलवता येणार नाही. दोन सिलिंडर म्हणजे फार तर साडेतीन तास." त्यांनी गावातल्या दवाखान्यांत फोन लावले, पण द्यायला कुणाकडंच जास्तीचा नव्हता. स्वरालीनं प्लांटचे मालक श्रीनाथ यांना घरी फोन केला. रडतरडतच तिनं दोनच सिलिंडर उरल्याचं सांगितलं, तसे ते म्हणाले, "गेट उघडतो. तयार असतील तेवढे स्वतः घेऊन निघतो." ते अनगोळात राहत होते. तिथून आधी मच्छ्याला प्लांटवर, मग हायवेनं निपाणी, दोन तासांची वाट, आणि वर सणाची गर्दी.

"पुरंल न्हवं, आक्का?" मष्णूनं विचारलं. सिलिंडरांचा हिशेब सगळे तिलाच विचारायचे.

"मला न्हाय सांगता येत," स्वराली म्हणाली. "दोनच भरलेले होते. मी आठ लिवले. म्हणून गाडी मागवली न्हाय. माझी चूक हाय."

मष्णूनं आवाज चढवला नाही. त्यानं तिच्या हातातली किल्ली काढून घेतली, खुर्ची सिलिंडरापुढं ओढली आणि काट्याकडं तोंड करून बसला. "आता तुमी मोजू नगा," तो म्हणाला. "मी बघतो."

पहिला संपला. दुसराही तळाला लागला. काटा लाल रेघेत उतरला तरी मष्णू हलला नाही, आणि स्वराली दारात उभी राहून आधी काट्याकडं, मग रस्त्याकडं बघत राहिली. बाळाबाईला आता तिच्याकडं बघायचंही भान नव्हतं, आणि स्वरालीला त्यात थोडं बरं वाटलं. त्याची तिला लाज वाटली.

श्रीनाथांची गाडी आली, सिलिंडर उतरले. मष्णूनं एकेकाची झडप स्वतः उघडून ऐकली, पहिला भरलेला आईला जोडून घेतला. घरघर हळूहळू बसली आणि म्हातारीनं डोळे उघडले. स्वरालीनं किल्लीसाठी हात पुढं केला. मष्णूनं ती हरिभाऊच्या हातात दिली.