ताईंच्या हाताचा गुण

तिने मश्रूमच्या पावडरीची बरणी कचऱ्याच्या डब्यात पालथी केली, धुऊन कोरडी पुसली आणि तिच्यात भाजलेलं पीठ भरलं. तांबूस रंग अगदी तोच.

डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या मिस्टरांची केमो चालू आहे तोवर हे नको. याने पोटाला आराम पडतोच असं काही नाही, आणि औषधांत गडबड झाली तर निस्तरायचं कोणी?" ते ऐकून तिला, खरं सांगायचं तर, उकळ्या फुटल्या होत्या. बरणी नणंदेने पाठवलेली होती ना! पण घरी आली तर नवरा फोनवर बहिणीला सांगत होता, "ताई, तुझ्या पावडरीमुळे दोन घास पोटात राहतात बघ." एरवी ताट बघूनच तो तोंड फिरवायचा. मग तिने गुपचूप बरणीच बदलली.

पिठानेही घास पोटात राहिले. वर तो म्हणायचा, "ताईच्या हाताला गुणच आहे."

गुण म्हणे! उलटीचं भांडं कोण धुतं? सूप गाळून, कोमट करून चमच्याने कोण भरवतं? तिचा नुसता जळफळाट व्हायचा. कुरियरने बरणी पाठवायला काय जातं?

आणि एका दुपारी ताई स्वतःच दारात. पिशवीत नव्या बरण्या.

"गुण येतोय म्हणाला, म्हटलं आता राहूनच देते. जरा जास्तच देऊ या."

तिने ताईंना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"ताई, डॉक्टरांनी हे बंद करायला सांगितलंय. बरणीत नुसतं पीठ आहे. कधीचंच."

ताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"त्याला माहितीये?"

"नाही. कळलं तर खाणंच सोडेल, म्हणून..."

"ताई, आलीस का गं?" पलीकडच्या खोलीतून हाक आली. "आज तुझ्या हातची दे ना पावडर!"

ताईंनी पिशवी ओट्याखाली सरकवली. कोमट पाण्यात पीठ ढवळलं.

त्याने कप एका दमात रिकामा केला.

"हिला शिकव गं जरा," तो बायकोकडे बघत म्हणाला. "हिच्या हातचं असं लागतच नाही."

"शिकवते हो," ताई पटकन म्हणाल्या. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

तिने मान हलवली आणि कप उचलून आत नेला.