वाघोबाचा तिसरा डोळा

बंद पडलेलं थिएटर त्या महिन्यात पुन्हा हाउसफुल्ल झालं. पडद्यापुढे पिंजरा, पिंजऱ्यात वाघ आणि वाघापुढे हात जोडून अख्खं शहर. बाल्कनीतल्या लोकांना वाघाची नुसती पाठ दिसायची, पण तेही गहिवरून जायचे. कारणच तसं होतं. वाघानं मांस सोडलं होतं.

शहरामागच्या डोंगरावर एके काळी वाघांची काही कमी नव्हती. तेव्हा त्यांना कुणी नमस्कार केल्याचं ऐकिवात नाही. आजोबा-पणजोबांनी बंदुका चालवल्या, दिवाणखान्यात कातडी टांगली, आणि उरलेला डोंगर खडी काढणाऱ्यांनी पोखरला. आता तिथं ससा दिसला तरी लोक फोटो काढत. त्यामुळे एका बुडालेल्या सर्कशीतला हा म्हातारा वाघ घेऊन एक महाराज आले, तेव्हा शहर एकदम हळवं झालं. पुष्कळ वाघ असले की भीती वाटते. एकच उरला की भक्ती करायला सोयीचं पडतं.

तिसऱ्या रांगेत, स्पंज बाहेर आलेल्या खुर्चीवर दातवाली बसली होती. म्हणजे दातांची डॉक्टर. मांडीवर चार वर्षांची चिऊ, शेजारी सासूबाई. चिऊ अजून बोलत नव्हती. ऐकायचं सगळं, समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि इथं तर, वाघाच्या जबड्यात हात घातला की मुकं मूल बोलतं, अशी ख्याती.

"आई, तिचे उपचार चालू आहेत. डॉक्टर म्हणालेत ना, वेळ लागेल," दातवालीनं घरून निघताना शेवटचं सांगून पाहिलं होतं.

"तुझे डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. महाराज म्हणतात रविवारी. तूच सांग, कुणाचं ऐकू?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चपला शोधत म्हणाला, "आईला मी काय सांगणार? त्यापेक्षा वाघाला सांगणं सोपं."

सासूबाई नातीला एकटीच घेऊन गेल्या असत्या. म्हणून ती आली होती.

महाराज प्रकटले. अंगावर वाघाच्या पट्ट्यांची शाल. पट्टे छापील होते.

"लेकरांनो, वाघानं हिंसा सोडली. तुम्ही काय सोडलंत?"

सभागृहात हुंदके उठले. एका कारकुनानं तर गेल्या आठवड्यात नोकरी सोडल्याचं जाहीर केलं. ती त्यानं तशीही कधी घट्ट धरली नव्हती.

शिष्यांनी बकऱ्याची हाडासकट तंगडी पिंजऱ्यात सरकवली. वाघानं ती हुंगली, डावीकडे मान कलती केली, तोंडाशी नेली आणि कण्हून मागे सरला. मग परातीतला दुधात भिजवलेला पाव चाटू लागला. टाळ्यांनी छत हादरलं. नाकारलेली तंगडी वाया जाऊ नये म्हणून शिष्य ती पडद्यामागे घेऊन गेले. त्यांनी अजून काही सोडलेलं नव्हतं.

"डाव्या डोळ्यातले ते अश्रू पाहा. पूर्वीच्या शिकारींचा पश्चात्ताप. आणि त्या डोळ्याखाली, पाहा, तिसरा डोळा उघडतोय."

डाव्या डोळ्याखाली खरंच एक ओलं भोक होतं. त्यातून ज्ञान ठिबकत होतं. ज्ञानाला वास येत होता.

मान कलती, एकाच बाजूनं लाळ, कडक खाणं समोर आलं की डोळ्यांत पाणी. दातवालीला वाटलं, याला आपण कुठंतरी पाहिलंय. सोमवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर अशीच चार-पाच माणसं बसलेली असतात.

महाराजांनी वाघाच्या तोंडात हात घातला. उजव्या बाजूनं, अलगद. मग हात पसरून म्हणाले, "आता ते मुकं लेकरू आणा."

सासूबाईंनी चिऊला उचललं. दातवाली मागोमाग धावली आणि पिंजऱ्याच्या दारातच तिनं चिऊचं मनगट धरलं. वाघ हातभर अंतरावर. चिऊ त्याच्या गालाकडे टक लावून पाहत राहिली. मग स्वच्छ म्हणाली,

"दुखतंय."

मग थिएटर कोसळायचंच बाकी राहिलं. मुकी पोर बोलली. सासूबाई रडायला लागल्या, महाराजांनी डोळे मिटले. हा चमत्कार त्यांनाही अनपेक्षित होता, पण तो स्वीकारायला त्यांनी वेळ लावला नाही.

"बोलली खरी," दातवाली ओरडून म्हणाली, "पण काय बोलली, ते ऐकलंत का कुणी?"

कुणीच ऐकलं नव्हतं.

"दिवसभर माझ्या दवाखान्यात खेळते ही. येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. वाघाची वरची मोठी दाढ सडली आहे. तिचं मूळ डोळ्याखालपर्यंत जातं. तो तिसरा डोळा नाही, पू बाहेर पडायची वाट आहे. त्यानं मांस सोडलेलं नाही, त्याला चावता येत नाही. महाराज, आज हात डावीकडून घाला. दुखऱ्या गालाच्या बाजूनं."

"डावी बाजू चंद्राची असते, बाई. दिवसा चालत नाही."

"बरं. मग मांस बारीक करून ठेवा."

पहिल्या रांगेत तंगडी पुरवणारा खाटीक बसला होता. तोही भक्तच, पण आपलं मांस रोज नाकारलं जातं हे त्याला आतून लागत असावं. तो पडद्यामागे गेला, शिष्यांच्या हातातून तंगडी काढून घेतली, आणि पुढची काही मिनिटं फक्त सुऱ्याचा आवाज येत राहिला.

खिमा परातीत पडला. वाघानं पाव बाजूला लोटला आणि सगळा खिमा चाटूनपुसून फस्त केला. परातही चाटली. मग खाटकाकडे पाहिलं, अजून आहे का, अशा नजरेनं.

"अहो, माझी दाढ दुखत होती तेव्हा मीही दूधपावावरच होते," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला नाही कुणी संत म्हटलं." आणि त्यांनी चिऊला पिंजऱ्यापासून चांगली सहा पावलं मागे घेतलं.

महाराज ध्यानासाठी पडद्यामागे गेले. तिथं मागचं दार होतं.

बेवारस झालेला वाघ प्राणिसंग्रहालयात गेला आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला भूल देऊन दाढ काढली. तिसरा डोळा मिटला. पुढे एकदा जुने भक्त त्याला भेटायला गेले, तर तो हाडासकट तंगडी कडाकडा फोडत होता. रखवालदारानं विचारलं, "कुणाला हात घालायचाय का तोंडात?" सगळे एकदम कठड्यामागे सरले. वाघाशी जसं वागायचं असतं, तसं ते शहर त्या दिवशी पहिल्यांदा वागलं.

चिऊ त्यानंतर महिनाभर काहीच बोलली नाही. उपचार चालू आहेत, एकेक शब्द येतोय. रविवारचा हट्ट सासूबाईंनी सोडला.

त्या वाघाला सोडायला मात्र डोंगर उरलेला नाही. तो पिंजऱ्यातच मरणार. तेव्हा सांगायचं एवढंच: गाल माणसाचा सुजो की वाघाचा, आधी दाढ बघा, तिसरा डोळा नंतर. आणि वाघाबद्दल खरोखरच भक्ती दाटून आली, तर त्याचा डोंगर त्याच्यासाठी राखा आणि लांब उभे राहा. नमस्कार त्यानं कधी मागितला नव्हता.