रेघेला कपाळ टेकवा, दहा वर्षं कमी

आत्याने रक्तदाबाची गोळी गिळली आणि गोष्ट संपली. पण ते राहू द्या, तसं काही झालेलंच नाही असं समजा. कारण सकाळी नऊला आत्या बंद पडलेल्या खाणीत रांगेत उभी होती. वय त्रेसष्ट, गोळ्या सोडून आठवा दिवस.

खाणीच्या वालुकाश्मात कमरेएवढ्या उंचीवर एक नागमोडी रेघ होती. दगडांचा अभ्यास करणाऱ्या आत्याच्या भाचीने महिन्यापूर्वी शाळेच्या सहलीला सांगितलं होतं, "इथे उथळ समुद्र होता. या रेघेपाशी हजारो वर्षं गायब आहेत." मागे उभ्या असलेल्या एका रिकामटेकड्याने नेमकं तेवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तो बाबा झाला.

"ही रेघ वर्षं गिळते," बाबा सांगत होता. "पेटीत नोट टाका, कपाळ टेकवा, दहा वर्षं कमी. पुरावा? ही काळी किल्ली बघा." त्याने पितळी किल्ली रेघेवर खसाखसा घासली. ती झळकली. रांग हळहळली, आपण आधी का नाही आलो म्हणून.

भाचीने आत्याचा दंड धरला. "गोळी आणलीय, घे आणि घरी चल. डोकं दुखतंय ना तुझं?"

"तीनदा टेकवलंय, दुखणारच. आता मी तेहतीसची. तेहतिसाव्या वर्षी मला कुठे होतं गं प्रेशर? तू चौतीसची ना? सर बाजूला, ताई."

भाचीचं टाळकं सरकलं. एक तर वाक्य तिचं, तेही अर्धं चोरलेलं. त्यात आत्याची शीर ताडताड उडताना दिसत होती. तिने बाबाच्या हातातून किल्ली घेतली आणि खाणीच्या संडासाच्या दगडी पायरीवर तिची काळी राहिलेली बाजू घासली. तीही झळकली.

"माझी शक्ती सर्वत्र आहे," बाबा म्हणाला.

"मग रांग इकडे लावू? किल्ली तरुण होत नाही, झिजते. वाळूचा कोणताही दगड घासतोच." ती आत्याकडे वळली. "रेघेखाली बघ. ही किड्यांची बिळं, दगड होण्याआधी वाळूत केलेली. रेघेपाशी सगळी कापलेली."

आत्या वाकली. "दारच नाही. किडा शिरला कुठून?"

"दार होतं. समुद्र पुढे सरकला तेव्हा लाटांनी तळ तासला. वरची वाळू गेली, दारं गेली, त्या वर्षांची खूण गेली. वर्षं मात्र झालीच होती. कॅलेंडरची पानं फाडून कुणी लहान होतं का?"

आत्याने कनवटीची स्वतःची किल्ली काढली. बाबाच्या पथ्याप्रमाणे ती आठ दिवस रोज रेघेवर घासलेली होती. दाते पार गुळगुळीत.

"तरीच कालपासून कपाट उघडत नाहीये मेलं," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "आण ती गोळी."

दुपारी डोकं दुखायचं थांबल्यावर आत्याने शाळेला अर्ज लिहिला:

"मा. मुख्याध्यापक, सदर बाबांचे वय पन्नास असून ते महिनाभर रोज एकदा रेघेला कपाळ टेकवत आहेत. त्यांच्याच हिशेबाने त्यांच्या जन्मास अद्याप अडीचशे वर्षे अवकाश आहे. तरी त्यांचे नाव भावी विद्यार्थी म्हणून आजच नोंदवून घ्यावे, व ते हजर होताच त्यांना प्रथम एवढेच शिकवावे की, चमत्कार दिसल्यास तो आधी दुसऱ्या दगडावर करून पाहावा. तोपर्यंत हाच धडा रांगेतल्या मोठ्या माणसांना द्यावा, ही नम्र विनंती."