पडद्याची मागली बाजू

गणपतीच्या पाचव्या दिवशी नाहूरच्या त्या चाळीत पिक्चर दाखवायचा, ही जुनी रीत. गल्लीत आडवा पांढरा पडदा बांधायचा. वर्गणी देणारे पुढून बघणार, न देणारे मागून. मागून चित्र उलटं दिसतं, नायक डावखुरा होतो, एवढाच काय तो फरक. सहदेव आणि शाम्या यांचं बालपण त्या मागल्या बाजूलाच, एका सतरंजीवर गेलं.

पुढे शाम्याने बांधकामाची कंत्राटं घेतली, मुलुंडला फ्लॅट घेतला आणि त्याचा श्यामकांतशेठ झाला. सहदेवची गिरणी संपात बसली ती बसलीच. त्र्याऐंशी साली पिक्चरचा सगळा खर्च शेठने उचलला, पिक्चरही स्वतः निवडला: एक श्रीमंत आणि एक गरीब, अशा दोन जिवलग मित्रांचा. सहदेवला वाटलं, हा निरोप आपल्यालाच. त्याने मागच्या बाजूला सतरंजी अंथरली, शेजारची जागा धरून ठेवली आणि बायकोला, मालनला, करंज्या काढून ठेवायला सांगितल्या. शाम्या आपल्याजवळच येऊन बसणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

शाम्या आला. त्याला शाल, नारळ आणि पुढची गादीची खुर्ची मिळाली. सहदेवला मिळाली पडद्याची दोरी. वाऱ्याने तिची गाठ सारखी सुटत होती, आणि गिरणीतल्या माणसाची पकड पक्की असते, असं कमिटीचं मत पडलं.

पिक्चर मात्र झकास निघाला. श्रीमंत मित्र झोपडीत जमिनीवर बसून गरिबाच्या ताटातली भाकरी खाऊ लागला, तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंनी हुंदके ऐकू आले. नेमकं तिथेच रीळ संपलं. दुसरं चढेपर्यंत शेठ माईकपाशी गेले आणि डोळे पुसत म्हणाले, "माझाही असाच एक दोस्त होता, याच चाळीत. आज तो इथे असता, तर आईशप्पथ, मी खुर्चीवर बसलो नसतो."

टाळ्या थांबेनात. सहदेवचा ऊर भरून आला.

"अवो, तुमच्याबद्दलच बोलतत," मालन म्हणाली. "जावा ना पुढे."

सहदेव निघाला. जायचं म्हणजे दोरी सोडणं आलं, हे आनंदाच्या भरात त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो पुढे पोचला तेव्हा नवं रीळ सुरू झालं होतं आणि पडदा एका बाजूने लोंबत होता. दोन्ही मित्रांची तोंडं पार चुरगळली होती.

"शाम्या, अरे मी..."

"हो हो, नंतर बोल," शेठ म्हणाले. "आधी तो पडदा धर. ऐन रंगात आलेल्या पिक्चरची वाट लावलीस यार."

त्यांनी ओळखलं की नाही, ते त्या हलत्या उजेडात सहदेवला कळलं नाही. त्याने मागे जाऊन दोरी हाताला दोन वेढे देऊन ताणली. शेवटी दोन्ही मित्रांनी मिठी मारली तेव्हा पडद्यावर एक सुरकुती नव्हती. शेठची गाडी गेल्यावर कमिटीने सहदेवचं कौतुकही केलं.

खोलीत मालन करंज्यांचा डबा पुढ्यात घेऊन बसली होती.

"भेटले?"

"भेटला," सहदेव म्हणाला. "पिक्चर फार आवडला त्याला."