अतुलची रिमोटची गाडी

मित्रांनो, कोनाड्यात आरशाशेजारी बसलेली ती लाल गाडी मीच. रिमोटवर चालते. जुनी आहे, रंगही विटलाय, पण म्हातारी म्हणू नका. मला ते खपत नाही.

माझा कारखाना कुठला ते मला ठाऊक नाही. आठवते ती नागपूरची सीताबर्डी. तिथल्या फुटपाथवर दुकानदार मला चादरीवर गोल गोल फिरवत होता. बबनमामा वणीहून कोळशाचा ट्रक घेऊन आले होते. त्यांनी भरपूर घासाघीस केली आणि भाच्यासाठी मला उचललं. तो भाचा म्हणजे अतुल. वणीजवळच्या एका खेड्यात तो मायबाप आणि धाकटी बहीण रूपाली यांच्याबरोबर राहायचा.

त्या घरात माझं जेवढं कौतुक झालं, तेवढं नव्या जावयाचंही होत नसेल. मी अंगणात निघाले की कोंबड्या पळायच्या आणि शेजारपाजारची पोट्टी गोळा व्हायची. रिमोटला मात्र अतुल कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. अतुलची माय कौसल्या बैलांचं उरकून वाटीत उरलेलं हळद-लोणी घेऊन माझ्याकडे वळली.

"हे काय करून राह्यली, माय?" अतुलने विचारलं.

"तान्ह्या पोळ्याले इच्यावर लाकडी बैल बसवनार हायेस ना तू? मंग इचा बी खांदा दुखनच की."

तिने मला उलटं केलं, चाकांच्या दांड्यांना चोपून हळद-लोणी लावलं आणि हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला यंत्राला काय कळतंय? पण बरं वाटलं. खोटं कशाला सांगू!

तान्ह्या पोळ्याला लहान मुलं सजवलेले लाकडी बैल दोरीने ओढत दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. अतुलचा बैल माझ्या पाठीवर बसून, कुणी न ओढता, गावभर हिंडला. सुखीबाई नावाच्या म्हातारीने तर बैल सोडून मलाच कुंकू लावलं. तो दिवस माझा होता.

पण लोणी ते लोणी. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज चढेल, उद्या चढेल म्हणत अतुलच्या वडिलांनी, डोमाजींनी, सगळा कापूस घरातच रचला. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली आणि माणसं दाराशी अंग खाजवत झोपू लागली. हवेत उडणारा तंतू माझ्या लोणी लागलेल्या दांड्यांना चिकटला आणि हळूहळू आत गुंडाळत गेला. संक्रांतीच्या सुमारास मी एकदा जोर लावला आणि माझी मोटर जळाली. अतुल त्या दिवशी दोन घासही जेवला नाही. कापूस शेवटी पडत्या भावात गेला आणि मी माळ्यावर गेले.

माळ्यावरून काय दिसणार? फक्त ऐकू यायचं. अतुलची शाळा सुटली ते ऐकलं. तो दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाऊ लागला तेही ऐकलं. मग एका वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याहून उंच वाढली. अतुल पाठीवर पंप घेऊन किडीचं औषध फवारायला जायचा. नाकाला रुमालसुद्धा नसायचा म्हणे. औषध डोक्यावरून अंगावर यायचं. एका दुपारी त्याला खाटेवर घालून आणलं आणि तसंच यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, नजर गेली. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बसायचा म्हणे. माय बोलायची, तो हूं की चूं करत नसे. फार वाईट दिवस होते ते, मित्रांनो.

रूपाली तोवर यवतमाळजवळ लोहाऱ्याला, जळलेल्या मोटरींना नवी तार भरून देणाऱ्या कारखान्यात लागली होती. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने मला माळ्यावरून काढलं आणि परत जाताना कारखान्यात नेलं. दादाच्या हाताला काहीतरी काम मिळालं तर तो पुन्हा बोलेल, एवढीच तिची आशा होती. तिथे तिच्यासोबत काम करणारी ममता तिला म्हणाली, "नवीच घे ना वं. या भंगारात काय ठेवलं हाये?"

"नव्या गाडीचा आवाज दादा ओळखन का?" रूपाली म्हणाली.

तिने मला पुरतं खोललं. वाळून दगड झालेलं पिवळं लोणी खरवडलं, तंतूची गुंडाळी चिमट्याने काढली, मोटर नव्याने भरली. रिमोटमध्ये सेल गळून हिरवी बुरशी धरली होती, ती घासली. दोन चाकं दुसऱ्या खेळण्याची बसवली. गीअर मात्र जुनेच ठेवले, त्यांच्या खरखरीसकट.

गावी आल्यावर अंगणात उन्हात तिने अतुलच्या हातात रिमोट दिला. त्याने तो चाचपला. अंगठा आपोआप जागेवर गेला आणि मी निघाले.

त्याची मान माझ्या आवाजामागे वळली. "माय, बाजूले हो, गाडी येऊन राह्यली," तो म्हणाला. मायने पदर तोंडात कोंबला. त्याने मला तुळशीला वळसा घालायला लावला, जवळ बोलावलं, आणि मी त्याच्या पायाला धडकले तेव्हा चक्क हसला. मग मला मांडीवर घेऊन एकेक चाक फिरवून पाहिलं.

"लय बिघडली होती का वं, रूपा?"

"लय. मोटर जळली होती, तारा सडल्या होत्या."

"मंग बी झाली?"

"झाली ना, दादा."

तो बराच वेळ माझ्या टपावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मंग मले बी ने ना वं तुया कारखान्यात. खोलून पाह्य एकदा."

 

मित्रांनो, जुनी खेळणी जपा असं सांगायला मी बसले होते. पण ते राहू द्या. तुमच्या घरातलं कुणी पाठीवर पंप घेऊन फवारायला निघालं, तर दारात आडवे व्हा. नाक-तोंड बांधल्याशिवाय, डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय, वारा कुठून वाहतोय ते पाहिल्याशिवाय जाऊ देऊ नका. रागावतील, रागावू द्या. मला दुसऱ्या खेळण्याची चाकं चालली. अतुलला कुणाचे डोळे बसवायचे?