नमुन्याची गिटार

माझा कोणावरही विश्वास नाही. यात मिरवण्यासारखं काही नाही, हा धंद्याचा गुण आहे. गिटार दुरुस्त करणाऱ्या बाईनं गिऱ्हाइकाचं खरं मानलं की तिचं दुकान बसलंच. "हातातून निसटली हो" म्हणणाऱ्यानं ती भांडणात आपटलेली असते आणि "नुसती कोपऱ्यात ठेवली होती" म्हणणाऱ्यानं भर उन्हात गाडीत विसरलेली. म्हणून मी माणसांना विचारतच नाही. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांडीचा छोटा आरसा आणि एक बारीक दिवा तारांमधून आत सोडते आणि थेट गिटारीच्या पोटात बघते. बाजारात मला भिंगबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी दुपारी संगीतशाळेचे मास्तर दोन गिटारी घेऊन कारखान्यात आले. शाळेला आठ गिटारी घ्यायच्या होत्या. देशी घ्यायच्या की परदेशी यावर त्यांच्या कमिटीत महिनाभर वाद चालला होता. शेवटी ठरलं, दोन्हीकडचा एकेक नमुना भिंगबाईकडे तपासायला द्यायचा आणि ती लिहून देईल तसं करायचं. कागदावर दोन सह्या हव्या होत्या. एक तपासणाऱ्याची, म्हणजे माझी, आणि एक कारखान्याच्या मालकाची, म्हणजे बाबांची.

"ताई, तुमच्यावर भरवसा आहे म्हणून आलो," मास्तर म्हणाले.

"भरवसा कशाला ठेवता? देशी नमुना माझ्या बापाचा, परदेशी नमुना माझ्या भावाच्या दुकानातला. मी कुठंही झुकले तरी घरातच पडणार."

मास्तर कसनुसं हसले. त्यांनाही ते कळत होतं.

माझं काय पणाला लागलं होतं ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून आमच्या कारखान्यात नवी गिटार झालेली नव्हती. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या भेगा बुजवत होते. शाळेनं देशी गिटारी मागितल्या असत्या तर त्या मलाच कराव्या लागल्या असत्या. मला त्या करायच्या होत्या. इतक्या करायच्या होत्या की मी ते स्वतःशीही मोठ्यानं बोलत नव्हते.

कारण मी आजवर एकच गिटार केली होती आणि ती फसली होती. ऐन विशीत केली होती. तारा चढवून, पॉलिश न करता, बाबांच्या बाकावर ठेवली. त्यांनी ती पाच मिनिटं वाजवली, खाली ठेवली आणि चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी ती खुंटीवर नव्हती. "मोडली," बाबा म्हणाले. "लाकूड कामी येईल. तुझा हात दुरुस्तीचा आहे, तेच कर." बाबा म्हणतील ती पूर्व दिशा. मी दुसरी केली नाही.

मास्तरांनी पहिली गिटार काढली. ती बाबांची, त्यांनी केलेली शेवटची. मग दुसरीच्या पेटीचा खटका उघडला आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेले बाबा उठले. "चहा पिऊन येतो," म्हणाले आणि गेले. नुकताच त्यांनी चहा घेतला होता. कप अजून बाकावर होता.

मला ते खटकलं. दादाच्या दुकानातली गिटार आली की बाबा हमखास तोंडसुख घेतात. "आली का आगबोटीतून मडमीण?" हे ठरलेलं. आज चकार शब्द नाही.

माझी तपासायची एक रीत आहे. मी भिंतीकडे तोंड करून बसते आणि वाजवणाऱ्यानं कोणती गिटार उचलली ते सांगायचं नाही. आयात माल म्हटलं की माणूस निम्मं कानानं ऐकतो आणि निम्मं पेटीवरच्या चिठ्ठीनं. मास्तरांनी तीच धून दोन्ही गिटारींवर सात वेळा वाजवली, क्रम बदलून बदलून. मी कागदावर खुणा केल्या. मागे वळून ताळा पाहिला तर सातही वेळा मला जी आवडली ती दुसरी होती. परदेशी.

नुसती आवडली नाही. बाबांच्या गिटारीचा खर्ज चांगला होता, पण वरच्या तारा थोड्या दबल्या आवाजात बोलत. ही दुसरी वरपासून खालपर्यंत मोकळी होती. मी ती हातात घेतली तर तिची मान माझ्या डाव्या पंजात अशी बसली की जणू माप घेऊन केली होती. बाबांना हे कसं सांगायचं, आणि माझ्या आठ गिटारी, त्या तर सुरू होण्याआधीच संपल्या.

"मग, ताई? परदेशीच ना?" मास्तर म्हणाले.

"उद्या सकाळी कागद घेऊन जा," मी म्हटलं. "अजून आत बघायचंय."

ते गेल्यावर मी दिवा लावला. खरं सांगायचं तर मला खोट काढायचीच होती. हरलेल्या माणसाला खोट फार लवकर सापडते. पण आधी सापडली ती चिठ्ठी. गिटारीच्या आत, तळाला, परदेशी अक्षरांची छापील चिठ्ठी चिकटवलेली होती. मी तारा सैल करून हात आत घातला आणि ओलं बोट तिच्या कोपऱ्यावर दाबलं. कोपरा विरघळून चिकट झाला. मी बोट हुंगलं. सरस! जनावरांच्या हाडाकातड्याचा, मंद आचेवर वितळवलेला सरस. कारखान्यात हजारांनी गिटारी काढणारे लोक चिठ्ठ्या सरसानं कशाला डकवतील? आमच्या इथे मात्र चूल विझली तरी सरसाच्या भांड्याखालची आच विझत नसे.

म्हणजे दादानं कुठली तरी देशी गिटार परदेशी म्हणून पाठवली. मला आधी आनंद झाला, मग संताप आला. मी त्याला फोन लावला.

"दादा, हा नमुना कुठून आणलास?"

तो लगेच वरच्या पट्टीत गेला. "हे बघ, नमुना नमुनाच असतो. सगळे दुकानदार एक चांगला पीस बाहेर ठेवतात. लोक तो वाजवून बघतात आणि खोक्यातला नेतात. यात फसवणूक कुठं आली?"

मी विचारलंही नव्हतं, आणि यानं सगळं ओकून टाकलं! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"म्हणजे ही विकायची नाहीच?"

"अगं, अशी दुसरी येतच नाही खोक्यातून. अकरा वर्षं हीच माल खपवतेय माझा. बाबांनीच दिली होती. कोणा परदेशी गिऱ्हाइकाची पडून राहिलेली आहे म्हणाले. का, काय झालं?"

"अकरा वर्षं?"

"दुकान उघडलं त्याच वर्षी."

मी फोन ठेवला. दादानं जन्मात कधी गिटारीच्या आत डोकावलेलं नाही. तो बाहेरची चिठ्ठी वाचतो आणि तेवढ्यावर त्याचं पोट भरतं. पण बाबा आत बघितल्याशिवाय कुठल्याही गिटारीला हात लावत नाहीत. मग त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कसं होईल?

मी आरसा पुन्हा आत सोडला, या वेळी वरच्या फळीच्या पोटाकडे वळवून. तिथे फळीला आधार देणाऱ्या बारीक पट्ट्या असतात, पटाशीनं तासून निमुळत्या केलेल्या. तासल्याच्या खुणा सगळ्या उलट्या दिशेला उतरत होत्या. उजव्या हाताचा माणूस असं तासत नाही. मी डावखुरी आहे. शाळेत त्यासाठी पट्ट्या खाल्ल्यात.

मी मुद्दाम सावकाश, एकेक बोट करत आरसा, तारा अडकवतात त्या ब्रिजच्या खाली नेला. मला आता काय दिसणार ते माहीत होतं आणि ते दिसू नये असंही वाटत होतं.

दिसलं. फळीला एक जुनी जखम होती, पटाशी सटकल्याची, आणि तिच्यावर पिवळट लाकडाचा एक तुकडा ठिगळासारखा लावलेला होता. तुकड्यावर काळ्या रेघा होत्या आणि आकडे. सात, आठ, नऊ. अकरा वर्षांपूर्वी बाबा ओरडतील म्हणून मी घाईघाईनं माझी शाळेतली लाकडी फुटपट्टी कापून लावली होती.

बाबा आले तेव्हा ती गिटार बाकावर होती आणि आरसा अजून तिच्या आत होता.

"ही फुटपट्टी कोणाची, बाबा?"

त्यांनी वाकून बघितलं नाही. स्टूल ओढून बसले.

"तुझी."

"मोडली म्हणाला होतात."

"मोडायलाच घेतली होती. हातोडी होती हातात. म्हटलं एकदा तार छेडून बघू. मग नाही झालं." ते गुडघ्यावर हात दाबून धरत होते, थरथर दिसू नये म्हणून. "ओळखू येणार नाही असं गडद पॉलिश केलं, दुरुस्तीला आलेल्या एका परदेशी गिटारीची चिठ्ठी लावली आणि दादाकडे देऊन टाकली. डोळ्यांसमोर नको म्हणून."

"मग माझी मला का नाही दिलीत?"

"दिली असती तर तू दुसरी केली असतीस."

"मग?"

"ती हिच्याहूनही चांगली झाली असती," बाबा म्हणाले. "अगं, चाळीस वर्षं घासली मी या बाकावर. तू पहिल्याच फटक्यात मला मागं टाकलंस, तेही फुटपट्टीचं ठिगळ लावून. मला नाही सोसलं. बापाला सोसायला हवं. मला नाही सोसलं."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. अकरा वर्षं मी स्वतःला दुरुस्तीवाली समजत होते, आणि चार रस्ते पलीकडे माझीच गिटार लोकांना परदेशी माल विकत होती.

"आणि आज का सांगताय? शाळेचं काम इथं यावं म्हणून?"

"तू विचारलंस म्हणून. नसतं विचारलंस तर सांगितलं नसतं," ते म्हणाले. हे मात्र मला पटलं. माझे बाबा तसेच आहेत.

मी शाळेचा कागद पुढे ओढला आणि लिहिलं: 'तपासणीसाठी परदेशी गिटार आलेली नाही. दुकानातल्या खोक्यातली एक मागवून पुन्हा तपासावी, हा नमुना त्या मालाचा नाही. आलेल्या दोन्ही गिटारी याच कारखान्यात झालेल्या आहेत. पहिली माझ्या वडिलांनी केली, दुसरी मी केली. दुसरी चांगली आहे.'

खाली सही केली आणि कागद बाबांसमोर सरकवला. माझ्या एकटीच्या सहीला कोण विचारतं? स्वतःचीच टिमकी वाजवतेय म्हणाले असते. बाबांनी कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. शेवटच्या वाक्यावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

मग त्यांनी पेन मागितलं. हात फार थरथरत होता, म्हणून त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं धरलं आणि एकेक अक्षर काढत सही केली. कागद माझ्याकडे दिला आणि ते खुंटीवरच्या पटाशा बघत बसले.

मी भिंग घेतलं आणि ती सही दिव्याखाली धरून तपासली. त्यांचीच होती.